लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील नव्या सेवांचा विद्यार्थ्याला खरोखर उपयोग होतो का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: ऐरोलीजवळच्या तुमच्या लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेर या वर्षी नव्या सेवांचा फलक लागला आहे, त्यावर ओपॅक, एन-लिस्ट, शोधगंगा, बुक बँक अशी नावे आहेत, आणि वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला गूगलवर मिळत नाही असे यातून नेमके काय मिळणार, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी ठाणे परिसरातील अशाच एका लहान महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनकक्षात एका वेळी चाळीस जण बसू शकतात आणि कर्मचारी आम्ही दोघेच आहोत, मी आणि ग्रंथालय परिचर. त्यामुळे पुढे लिहिले आहे ते देवघेवीच्या टेबलामागून रोज जे दिसते त्यावर आधारलेले आहे.

फलकावर शेवटच्या ओळीत लिहिलेल्या बुक बँकेची चौकशी तुम्ही सर्वांत आधी करावी. अनामत रक्कम भरून एका सत्राच्या पाठ्यपुस्तकांचा संच घरी नेता येतो आणि सत्र संपल्यावर तो परत करायचा असतो, इतकी ही साधी योजना आहे. तिचे संच मात्र मोजके असतात आणि अर्जाची मुदत संपल्यावर मागणारे पुष्कळ येतात. हे आधी सांगण्याचे कारण असे की, ‘आता लाखो ई-पुस्तके तुमच्या मोबाइलवर’ असे स्वागत समारंभात ऐकलेला विद्यार्थी सर्वप्रथम तेथे आपल्या सत्राचे अकाउंट्सचे पुस्तक शोधतो. स्थानिक प्रकाशकांची, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम लिहिलेली क्रमिक पुस्तके त्या संग्रहात सहसा नसतात. विद्यार्थी निराश होतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. यात चूक त्याची नसते, जाहिरात करणाऱ्या आम्हा मंडळींची असते.

ही ई-पुस्तके एन-लिस्टवर असतात आणि तिचा उपयोग वेगळा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या, उच्च शिक्षणातील ग्रंथालयांना संगणकजालाने जोडणाऱ्या केंद्राने 2010 मध्ये महाविद्यालयांसाठी सुरू केलेली ही योजना असून, महाविद्यालयाने वार्षिक शुल्क भरले की विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना स्वतंत्र खाते मिळते व त्यावरून संशोधनपत्रिका आणि संदर्भग्रंथ घरबसल्या वाचता येतात. तुम्हाला प्रकल्प लिहायचा असेल, एखाद्या विषयावर वर्गात बोलायचे असेल किंवा पुढे एम.कॉम.चा विचार असेल, तर खाते आजच उघडून घ्यावे. येथे एक क्षुल्लक वाटणारी अडचण मी दरवर्षी पाहतो. प्रवेश अर्ज सायबर कॅफेत भरलेला असतो आणि त्यावर कॅफेवाल्याने स्वतःचा किंवा त्या क्षणी तयार केलेला ई-मेल पत्ता टाकलेला असतो. खात्याचा पासवर्ड त्या पत्त्यावर जाऊन पडतो आणि विद्यार्थी मात्र ‘मला काही आलेच नाही’ म्हणून वर्षभर थांबून राहतो. ग्रंथपालाकडे जाऊन आपला चालू पत्ता नोंदवला, तर हे काम पाच मिनिटांत होते.

याच संदर्भात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ हे नावही तुमच्या कानावर आले असेल. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेली, 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद असलेली, एकाच सामाईक वर्गणीतून संशोधनपत्रिका उपलब्ध करून देणारी ती योजना सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आखलेली आहे. तुमचे महाविद्यालय खासगी विनाअनुदानित असेल, तर वर्तमानपत्रातील बातमीवरून ती सेवा आपल्यालाही मिळणार असे गृहीत धरू नये.

ओपॅकविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विद्यार्थी त्याला सर्वांत लवकर कंटाळतात आणि तो कंटाळा बऱ्याच अंशी रास्त असतो. ओपॅक म्हणजे ग्रंथालयाची संगणकीय तालिका. पुस्तक आहे का, कोणत्या वर्गांकाखाली (म्हणजे कपाटात विषयवार लावण्यासाठी दिलेल्या क्रमांकाखाली) आहे आणि सध्या कोणाकडे गेले आहे का, हे ती मोबाइलवर दाखवते. आम्ही यासाठी कोहा ही मुक्त प्रणाली वापरतो. ती न्यूझीलंडमध्ये एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली, 2000 सालच्या जानेवारीत वापरात आली आणि तिचे नाव माओरी भाषेतील ‘भेट’ या अर्थाच्या शब्दावरून ठेवलेले आहे. प्रणाली उत्तम आहे. घोळ तिच्यात भरलेल्या नोंदींचा आहे. आमच्याकडे दाखल नोंदवहीतील, म्हणजे ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदले जाते त्या वहीतील, पुस्तके संगणकावर चढवण्याचे काम एका कंत्राटदाराला दिले होते आणि त्याच्या माणसांनी मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने टाकली. एकट्या ‘ठाणे’ या शब्दाची तीन रूपे मला सापडली. देवनागरीत शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ‘एकही पुस्तक नाही’ असे उत्तर मिळत होते आणि पुस्तके मात्र 891.46 या मराठी साहित्याच्या वर्गांकाखाली, त्याच्या पाठीमागच्याच कपाटात उभी होती.

आम्ही त्या नोंदी पुन्हा देवनागरीत भरायला घेतल्या, तेव्हा दुसरे प्रकरण उघडकीला आले. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न अक्षरे असतात आणि एकाचा शोध घेतला असता दुसऱ्याची नोंद हाती लागेलच असे नाही. ‘ॲकाउंटन्सी’मधील ‘ॲ’ची कथाही हीच आहे. परिचर आणि मी दुपारच्या निवांत वेळी अशा नोंदी एकेक करून दुरुस्त करतो. काम अजून पुरते झालेले नाही. तोवर माझा सल्ला असा की, पूर्ण शीर्षक न टाकता लेखकाचे आडनाव टाकावे, ते देवनागरीत आणि रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे शोधावे, आणि तरीही निकाल आला नाही तर पुस्तक नाही असे न समजता टेबलाशी येऊन विचारावे.

शोधगंगेचा उपयोग एका उदाहरणाने सांगतो. खाडीकाठच्या गावातील, कोळी कुटुंबातील एक विद्यार्थिनी मासेमारीच्या बदललेल्या अर्थकारणावर प्रकल्प करत होती. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यामुळे इंटरनेटवर तिला जे काही मिळाले ते बहुतेक फ्लेमिंगोविषयी होते. माणसांविषयी फारच थोडे होते. शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचे भांडार आहे आणि त्यासाठी महाविद्यालयाने शुल्क भरण्याची गरज नसते. प्रबंध तेथे प्रकरणवार फाइलींत ठेवलेले असतात. मी तिला अख्खा प्रबंध वाचायला न सांगता शेवटची संदर्भसूची तेवढी उघडायला सांगितली, कारण दुसऱ्या कोणीतरी काही वर्षे खपून गोळा केलेली ती यादी म्हणजे नवख्याला आयती मिळालेली वाट असते. तेथून ती 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरपर्यंत, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या ब्रिटिशकालीन सरकारी ग्रंथापर्यंत, पोहोचली, जे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यातील कोळी समाज आणि मिठागरांविषयीची पाने तिने छापून आजोबांना मराठीत समजावून सांगितली आणि आजोबांनी त्यातील दोन गोष्टी खोडून काढल्या. ते दोन परिच्छेद तिच्या प्रकल्पात सर्वांत चांगले उतरले होते, असे माझे मत आहे.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी एनव्हीडीए हा मजकूर वाचून दाखवणारा विनामूल्य प्रोग्राम आणि 2016 मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे त्यांना वापरता येतील अशा स्वरूपातील पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय या दोन सोयी लहान ग्रंथालयालाही परवडतात. तुमच्या वर्गात गरजू कोणी असेल, तर ग्रंथपालाच्या कानावर घालावे. अवांतर मराठी वाचनासाठी मात्र महाविद्यालयाच्या संग्रहावर फार विसंबू नये. ठाण्यात 1893 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय असताना आम्ही त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

राहता राहिली ती मागणी वही. फलकावर तिचा उल्लेख बहुधा नसेल, परंतु हवे असलेले पुस्तक नोंदवण्यासाठी अशी वही किंवा अर्ज बहुतेक ग्रंथालयांत असतो आणि ग्रंथालय समितीच्या बैठकीत खरेदीची यादी करताना तो पुढे ठेवला जातो. आमच्या वहीत गेल्या सत्रात एकूण अकरा नोंदी झाल्या होत्या आणि त्यातील सात एकाच मुलाच्या होत्या, म्हणून या वर्षीच्या खरेदीत शेअर बाजारावरची पुस्तके जरा जास्तच आली आहेत. तुम्ही जाल तेव्हा लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती लिहून न्यावी. सकाळच्या पहिल्या तासानंतर टेबलाशी गर्दी कमी असते.