सात दिवसांत गाडी येईल का?

तुम्ही विचारलंय की लर्निंग लायसन हातात आलंय, दहा दिवसांची सुट्टी आहे, तर रोज दोन तासांचा सात दिवसांचा क्लास लावावा की महिनाभर अर्धा-अर्धा तास शिकावं?

आधी तारखा बघा. लर्निंग निघाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची चाचणी देताच येत नाही. सात दिवसांत शिकलात तरी पुढचे तीन आठवडे थांबायचंच आहे. त्या दिवसांत हाताशी गाडी असणार का, हा खरा प्रश्न.

माझ्या जावेने असाच क्लास लावला होता. सातव्या दिवशी कर्वे रोडवरून तिने गाडी सुरेख आणली. नंतर महिनाभर तिला गाडी मिळालीच नाही आणि भोसरीच्या चाचणीच्या ट्रॅकवर चढावर तिची गाडी तीनदा बंद पडली. फार रडली बिचारी. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. हिचा पाय क्लचवरून पटकन सुटला की तो सांभाळून घ्यायचा, आणि हिला ते कळायचंही नाही.

मग आम्ही दोघी रविवारी पहाटे सोसायटीच्या पार्किंगच्या चढावर गेलो. हँडब्रेक ओढायचा, पहिला गियर टाकायचा, क्लच सावकाश सोडत यायचं. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट जरासं वर उचलतं, तिथे पाय थांबवायचा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक खाली. वीसेक वेळा केल्यावर तिचा पाय आपोआप थांबायला लागला.

तुम्ही आठ वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवताय, ही मोठी जमेची बाजू. लक्ष्मी रोडवर कोण कुठून घुसेल हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. नवं आहे ते क्लच, डाव्या बाजूचा अंदाज आणि रिव्हर्स. तुम्हाला सलग क्लास झेपेल. ज्याने रस्त्यावर कधी काहीच चालवलं नाही, त्याला मात्र मी नको म्हणेन. दुसऱ्या तासाला डोकं शिणतं आणि भीती तेवढी पक्की होते. मोटार वाहन नियमांतही क्लासवाल्यांना हलक्या गाडीसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास घालून दिलेत. सात दिवसांत तास भरतात, दिवस भरत नाहीत.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. आत्ता आठ-नऊ तास घेऊन उरलेले चाचणीच्या आठवड्यात देतील का? आणि त्या दोन तासांत तुम्ही एकट्याच चालवणार, की मागे आणखी दोघं पाळीची वाट बघत बसणार? मागे माणसं असतील तर तो क्लास लावू नका.

मधल्या दिवसांत पुढे-मागे लाल 'एल' लावून, पक्कं लायसन असलेलं माणूस शेजारी घेऊन आठवड्यातून तीनदा तरी गाडी काढा. घरात तसं कोणी नसेल तर मला कळवा. मी कोथरूडलाच असते, रविवारी सकाळी येईन.