पहिले संपादन उलटवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. विकिपीडियावरील नवागतांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी तू स्वीकारलीस, हे वाचून मनापासून आनंद झाला. स्वागताचा संदेश कसा लिहावा, असे तू विचारले आहेस. परंतु स्वागत कोणीही करतो, खरी कसोटी त्या सदस्याची पहिली चूक समोर येते तेव्हा लागते.

इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिगेला पोहोचली आणि नंतर बरीच वर्षे घटत गेली. संशोधकांनी या घसरणीची कारणे शोधली, तेव्हा चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे कामही वाढत्या प्रमाणात उलटवले जात होते, म्हणजे रद्द करून आधीची आवृत्ती परत आणली जात होती, आणि त्यामुळे ते टिकत नव्हते, असे दिसून आले. खोडसाळपणा रोखण्यासाठी बनवलेल्या स्वयंचलित साधनांचा या नाकारण्यात मोठा वाटा होता.

माझ्या हातूनही हे घडले आहे. एका नव्या सदस्याने एका लेखातील अख्खा परिच्छेद काढून टाकला आणि बदल का केला हे सांगणारा सारांश रिकामाच ठेवला. मी तो बदल क्षणात उलटवला आणि त्याच्या चर्चापानावर इशाऱ्याचा तयार साचा लावून मोकळा झालो. दोन दिवसांनी लेख सलग वाचला, तेव्हा तोच परिच्छेद खालच्या विभागात शब्दशः पुन्हा आलेला दिसला. त्याने केले ते योग्यच होते. मी त्याची क्षमा मागितली, पण त्या खात्यावरून पुढे एकही संपादन झाले नाही. त्याच्या संपादनांची यादी दाखवणारे, तेथेच थांबलेले ते योगदान-पान मी आजही अधूनमधून उघडून पाहतो.

म्हणून बदल उलटवण्याआधी आधीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी ठेवून वाच, आणि त्या माणसाला काय साधायचे होते, हे आधी ओळख. नक्कल केलेला मजकूर मात्र ताबडतोब काढावा लागतो, कारण तेथे प्रश्न दुसऱ्याच्या प्रताधिकाराचा असतो. तरीही तो का काढला, हे स्वतःच्या शब्दांत लिही. नियमांची लघुरूपे जुन्यांना कळतात, नवख्याला ती बंद दारासारखी वाटतात. संदर्भाविना आकडा दिसला, तर ‘हा आकडा तुम्हाला कोठे मिळाला ते सांगा, संदर्भ कसा जोडायचा ते मी दाखवतो,’ एवढे पुरते. एका वेळी एकच चूक दाखव.

आणि दुरुस्ती स्वतः करून टाकू नकोस. संदर्भ जोडायला तुला अर्धे मिनिट लागेल आणि त्याला कदाचित अर्धा तास, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, तीनचार वेळा कंस चुकवून; पण लेखाच्या इतिहासात ती ओळ त्याच्या नावावर नोंदली जाते, आणि ती पाहायला तो दुसऱ्या दिवशी परत येतो.

ज्या सदस्याचा अर्धवट लेख तू पाठवला आहेस, तो मी वाचला. मांडणी विस्कळीत आहे, पण विषयाची जाण चांगली आहे. आज त्याला फक्त पहिल्या परिच्छेदाविषयी लिही आणि आठवडाभर त्या लेखाला हात लावू नकोस.

तुझा स्नेहांकित