काटे उडतात, इंजिन धापा टाकतं

प्रश्न : काका, माझ्या मामांची २८ फुटी जुनी शिडाची होडी आता माझ्याकडे आली आहे. ती मुंबईला असते, मी वडोदऱ्याहून महिन्यातून एकदा जातो. दोन सिलिंडरचं, एक लिटरचं डिझेल इंजिन आहे. अर्ध्या तासात इंजिनाचा कप्पा भट्टीसारखा तापतो आणि धूर काळा येतो. हवेसाठी मागे दोन भोंगे आहेत. पावसाचं पाणी येतं म्हणून मामांनी एकावर प्लायवूड ठोकलं होतं. दिवे लावले की तापमानाचा काटा उडी मारतो. पॅनेलमागचा ॲमीटर हाताला गरम लागतो. सगळे मीटर नवे घेऊन एक ब्लोअरही बसवू का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : खरेदी राहू द्या. आधी तो गरम ॲमीटर. तो तसाच ठेवून इंजिन पुन्हा चालू करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जुन्या होड्यांत अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) सगळा करंट आधी पॅनेलपर्यंत वर येतो, ॲमीटरमधून जातो आणि मग बॅटरीकडे उतरतो. खाऱ्या हवेत मीटरमागचे नट सैल होतात, लग (तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्या) काळे पडतात. सांध्यात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला आणि ४० अँपियर वाहू लागले, तर तिथे ३२ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते, आणि तुमच्याकडे ती लाकडी फळीमागे तारांच्या जुडग्यात पेटलेली आहे. इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि ॲमीटर काढून टाका. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड केबल थेट टाका, बॅटरीजवळ फ्यूज घाला. जुन्या भोकात व्होल्टमीटर बसवा. त्याला बारीक तार पुरते आणि तो जास्त सांगतो : रात्रभर निवांत राहिलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग नीट.

आता उडणारा काटा. दिवे लावल्याने इंजिनाचं तापमान बदलत नाही, म्हणजे काटा खोटं बोलतोय. बहुतेक वेळा पॅनेलची निगेटिव्ह तार गेलेली असते. दिवे आणि मीटर तिच्यातूनच परत जातात, म्हणून दिव्यांचा भार मीटरवर दिसतो. वडोदऱ्याच्या कलाभवनात (आता टेक्नॉलॉजी फॅकल्टी, पण आमच्यासाठी कलाभवनच) आमच्या मास्तरांनी एक सवय लावली : तार तपासायची ती करंट वाहत असताना. दिवे लावा, मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक पॅनेलच्या निगेटिव्हवर धरा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तार बदला. वेरावळला एका होडीवर मी दोन मीटर बदलले, काटा तसाच उडत राहिला. शेवटी तार सोलून पाहिली, तर वरचं प्लॅस्टिक नव्यासारखं आणि आतलं तांबं काळं, चुरा होणारं. म्हणून नवी तार टिनचा मुलामा असलेलीच घ्या. इंजिनावरच्या सेंडरच्या (मीटरला माप कळवणाऱ्या सुट्या भागाच्या) आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असेल तर तीही काढा. बऱ्याच सेंडरना आट्यांतूनच अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह जोड, मिळतो.

मीटर घाईने घेऊ नका म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. मीटर आणि सेंडर एका जातीचे लागतात. टाकीचा अमेरिकी सेंडर रिकामा असताना २४० ओहम आणि भरल्यावर ३३, युरोपीय मात्र रिकामा १० आणि भरलेला १८०. सरमिसळ झाली की भरली टाकी रिकामी दिसते.

भट्टीचं उत्तर त्या प्लायवूडमध्ये असावं. चार स्ट्रोकचं तुमचं एक लिटरचं इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्या घेताना मिनिटाला साधारण १२५० लिटर हवा ओढतं. ती एका भोंग्यातून, तेही आतला पाइप चेपला असेल तर, कशी पुरणार? गरम हवा विरळ असते, सिलिंडरला ऑक्सिजन कमी पडतो, डिझेल पुरतं जळत नाही आणि धूर काळा येतो. खात्री करायची तर पायऱ्या काढून इंजिनाचा कप्पा उघडा ठेवून चालवा. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर. धूर कमी झाला, फेऱ्या वाढल्या, तर हवेचाच तुटवडा. प्लायवूड काढा. पाण्याची भीती असेल तर भोंग्याखाली पाणी निथळून बाहेर जाईल अशी पेटी करून घ्या. हवा आत येणारा पाइप कप्प्याच्या तळाशी न्या, बाहेर जाणाऱ्याचं तोंड छताजवळ ठेवा.

ब्लोअर त्यानंतर, बाहेर फेकणाराच. पण येण्याची वाट अरुंद असेल तर चालू इंजिनाच्या तोंडची हवा तोच पळवतो. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं चालवा, साठलेली धग निघून जाईल. अल्टरनेटर जगेल, आणि बॅटरी तिथेच असेल तर तीही.

एक राहिलं. डिंगीच्या (सोबतच्या छोट्या नावेच्या) मोटरसाठी पेट्रोलचा कॅन ठेवत असाल तर तो इंजिनाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते.

पुढच्या खेपेला निगेटिव्ह तारेचा तो आकडा आणि कप्पा उघडल्यावरच्या फेऱ्या लिहून आणा. त्यावरून तारेचं माप आणि पाइपचा व्यास मी काढून देतो.