डोळ्यात इंजेक्शन घेतल्यावर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा): आईला मधुमेहामुळे पडद्याला सूज आहे. काल डोळ्यात इंजेक्शन दिलं. रात्रभर डोळा खुपला, सकाळी पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला. संसर्ग तर नाही ना?

उत्तर: बहुधा नाही. वाळू गेल्यासारखं खुपणं हे इंजेक्शनआधी घातलेल्या बीटाडीन या जंतुनाशकाचं. ते दिवसभरात थांबतं. डाग म्हणजे सुई टोचली तिथलं रक्त. तो दोनेक आठवड्यांत विरेल. खरा संसर्ग साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखादा, तोही बहुतेकदा पहिल्या आठवड्यात. तेव्हा रोज सकाळी चांगला डोळा झाकून आईंना भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे वाचायला सांगा. काल दिसलेले आज दिसेनासे झाले, किंवा थांबलेलं दुखणं पुन्हा वाढू लागलं, तर लगेच निघा.

प्रश्न (पेडणे): चवथीच्या सुट्टीत डोळा दुखू लागला तर सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल? मोतीबिंदूच्या वेळचे थेंब घरात आहेत.

उत्तर: नाही. त्या थेंबांत बहुधा स्टिरॉइड असतं. लाली उतरते, आत पू वाढत राहतो. माझे एक रुग्ण पाहुण्यांना सोडून कसं यायचं म्हणून विसर्जन उरकून आले. तोवर त्यांना समोर हललेला हात तेवढा कळत होता. तुमच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही तर बांबोळीला गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. तिथे 'डोळ्यात इंजेक्शन घेतलंय' हे पहिलं वाक्य असू द्या, नाहीतर डोळे आलेत समजून घरी पाठवतील. या संसर्गावरची अँटिबायोटिकंही डोळ्याच्या आतच टोचावी लागतात, बहुधा व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडीम. कधी आतली जेली काढायचं ऑपरेशनही करावं लागतं.

प्रश्न (वाळपई): इंजेक्शननंतर अँटिबायोटिक थेंब लिहून दिले नाहीत. विसरले असतील का?

उत्तर: विसरले नाहीत. या थेंबांनी संसर्ग टळतो असं दिसलेलं नाही. उलट वारंवार घातल्याने जंतू निर्ढावतात. राखण करतं ते बीटाडीनच, म्हणून झोंबलं तरी डोळा चोळू नका. आणि एक: तोंडातले जंतू डोळ्यात गेले तर फार वाईट. सुई आत असताना मला बाजारात इसवण कितीला मिळाला ते सांगू नका, नंतर सांगा!

प्रश्न (म्हापसा): स्वस्तातलं इंजेक्शन धोक्याचं का?

उत्तर: औषध वाईट नाही. हे स्वस्तातलं औषध म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. त्याची ४ मिलिची कुपी असते आणि एका डोळ्याला लागतं ०.०५ मिलि, म्हणून एक कुपी अनेक रुग्णांत वाटतात. धोका असतो तो या वाटणीत, तेव्हा औषधात जंतू शिरू शकतात. ती कुठे आणि कशी झाली, हे विचारायला संकोचू नका.