अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल कोचला कुलगुरूंपेक्षा जास्त पगार का मिळतो? आणि ती मुलं खरंच शिकतात का?

एमएस करताना दोन वर्षं मी तिथल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात फुटबॉलच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचो, तासावर पैसे घेऊन. त्यामुळे थोडं जवळून पाहिलंय. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अंडाकृती चेंडूचा.)

मोठ्या विद्यापीठांत कोचचा पगार मुख्यतः टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून निघतो. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे, म्हणजे तीन वानखेडे भरूनही माणसं उरतील. याच पैशावर पोहणं, कुस्ती, ॲथलेटिक्स वगैरे चालतं. त्यामुळे हरणारा कोच कुणालाच परवडत नाही आणि त्याला काढणंही स्वस्त नसतं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये कोच जिम्बो फिशरना काढलं, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. आपले सहाशे कोटींच्या वर, घरी बसायचे! लहान कॉलेजांत मात्र उलटी गंगा. तिथे विद्यार्थ्यांच्या फीमधूनच संघ पोसला जातो. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाने डिसेंबर 2014 मध्ये खर्च झेपत नाही म्हणून संघच बंद केला होता. गावकऱ्यांनी आणि देणगीदारांनी पैसे उभे केले, तेव्हा 2017 मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला.

खेळाडूंना मात्र वर्षानुवर्षं शिष्यवृत्ती, राहणं-खाणं एवढंच. स्वतःच्या नावावर जाहिराती करायची मुभा जुलै 2021 पासून मिळाली, आणि विद्यापीठाकडून थेट पैसे 2025 पासून.

आता अभ्यास. नियमाने सराव आठवड्याला 20 तास. पण प्रवास, फिजिओ, व्हिडिओ बघणं हे धरलं तर ती पूर्ण वेळेची नोकरीच होते. आमच्याकडे एक माणूस वर्गाच्या दारातून डोकावून हजेरी टिपून जायचा. दांडी मारली की पहाटे पळायची शिक्षा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर 18 वर्षं वर्गच न भरणारे कोर्स चालले. एक निबंध द्यायचा, ऑफिसातली बाई मार्क देणार. 3,100 च्या वर विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू.

पण मुलं ढ असतात हे मला पटत नाही. माझा एक विद्यार्थी, सव्वाशे किलोचा, गुडघ्याला बर्फ बांधून छोट्याशा खुर्चीत कसाबसा मावायचा. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप, डोक्यात शिरेना. मग त्याच्याच संघात चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने प्रत्येक सामन्यात किती यार्ड काढले ते आकडे घेतले. दहा मिनिटांत गणित सुटलं, वर मलाच म्हणाला, "याचा ॲव्हरेज चांगला दिसतोय, पण भरवशाचा नाही."

त्याला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. लॅब दुपारी दोनला, प्रॅक्टिसही दोनला. दुसऱ्या सेमिस्टरला त्याने विषय बदलला.