पूल छापला, पण टॉर्च वेल्डिंगचीच

प्रश्न : माझा मुलगा भोसरीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये सीओटू वेल्डिंग करतो. हॉलंडमध्ये रोबोंनी पोलादी पूल ‘प्रिंट’ केल्याचं त्याने मोबाइलवर पाहिलं, तेव्हापासून ‘आई, आमचं काम संपलं’ म्हणतोय. त्याने लाइन बदलावी का?
– एक आई, दिघी

उत्तर : ताई, तो पूल प्रिंट केला म्हणजे वेल्डिंगच केलं! ॲमस्टरडॅमच्या कालव्यावरचा पादचारी पूल, लांबी सुमारे १२ मीटर. रोबोच्या हातात वेल्डिंगची टॉर्च दिली, एसएसची (स्टेनलेस स्टीलची) वायर सोडली आणि थरावर थर चढवले. झिजलेला शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, वेल्डने भरून लेथवर तासून मापात आणतात, हे चिरंजीवांनी शंभरदा पाहिलं असेल. इथे फक्त मुळात शाफ्टच नव्हता. जुलै २०२१ मध्ये पूल उघडला. परवानगी दोनच वर्षांची, मग काढला.

मला त्यातलं आवडलं ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं काम. छापलेल्या प्लेटमधून वेगवेगळ्या दिशांनी तुकडे कापून त्यांनी ओढून पाहिले. थरांच्या दिशेने आणि थरांना काटकोनात ताठरपणा (म्हणजे ओढलं तरी न लांबण्याचा गुण; आकडा मोठा तितका धातू ताठ) १४० गिगापास्कलच्या आसपास, आणि तिरकं, ४५ अंशांत, जवळपास २२०! बाजारातली एसएस प्लेट कशीही कापा, २०० च्या आगेमागेच. निवताना धातूचे कण ठरावीक दिशेने वाढतात, त्याचा हा परिणाम. वर पृष्ठभाग लाटालाटांचा, म्हणजे जाडीही सगळीकडे सारखी नाही. आमच्या वेळी ड्रॉइंगवर जाडी आणि ग्रेड लिहिला की भागायचं. इथे थर कुठल्या दिशेने घातले तेही लिहावं लागणार.

उद्या मुठेवर असा पूल होईल का? साध्या गर्डरसाठी कोणी हा उद्योग करू नये. आयबीम, म्हणजे इंग्रजी ‘I’ आकाराची तुळई, रोलिंग मिलमधून तयार मिळतो, तो किलोकिलोने छापत कोण बसेल? हे तंत्र वेड्यावाकड्या सांध्यांसाठी आणि जुन्या पुलांच्या डागडुजीसाठी. तडा गेलेल्या प्लेटवर असे थर चढवून तडा रोखण्याचे प्रयोग झालेत. मात्र वेल्डच्या कडेला ताण साचतो, तिथूनच नवा तडा सुटू शकतो. त्यामुळे ग्राइंडर मारून कड उतरती करणारा माणूस हवाच.

तेव्हा लाइन बदलू नका. रविवारी रोबो प्रोग्रामिंगच्या क्लासला घाला. वायर फीड, व्होल्टेज त्याच्या हातात आहेच, आणि खालचा थर तापलेला असताना वरचा चढवला की बीड (वेल्डची रेघ) ओघळतो, हे त्याला कोणी शिकवायला नको.