घर तेच, मग घरपट्टी का वाढली?

फ्लॅट तोच, रस्ता तोच, नळाला पाणी तेच एक तास, मग घरपट्टी का वाढली, असं तुम्ही विचारलंय; मोठे थकबाकीदार मोकळे राहतात याचा रागही बोलून दाखवलाय. महापालिकेच्या कर विभागात खिडकीपलीकडे बसून मी हे वर्षानुवर्षं ऐकलंय.

पाणी तासभरच येतं, पण ते चढवणाऱ्या पंपाचं वीजबिल वाढत जातं. सोसायटीचंच बघा: दहा वर्षांपूर्वी वॉचमनला काय देत होतात, आज काय देता? वॉचमन मात्र एकच! पालिकेला झाडूवाल्यांपासून अग्निशमनवाल्यांपर्यंत सगळ्यांचे पगार भागवायचे असतात.

पूर्वी हे जाणवलं नाही, कारण जकात होती. नाक्यावर माल वाढला की उत्पन्न आपसूक वाढायचं. मग तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला; १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला, आणि २०१७ ला जीएसटी. त्याबदल्यात राज्य सरकार भरपाई देतं, पण ती किल्ली मंत्रालयात. पालिकेच्या स्वतःच्या हातात उरली मुख्यतः घरपट्टी. बांधकाम परवानगीचे पैसे येतात, पण बाजार थंडावला की तेही आटतात.

त्यात करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर घरपट्टी आकारतात ती, बऱ्याच ठिकाणी इमारत पहिल्यांदा नोंदली तेव्हाच्या भाडेदरावरच अडकलेलं. एकदा एकाच गल्लीतली दोन बिलं माझ्यासमोर आली. जुन्या ऐसपैस बंगल्याची पट्टी समोरच्या नव्या वन बीएचकेपेक्षा कमी! बंगलेवाले काका वाढीविरुद्ध अर्ज घेऊन आले होते. वन बीएचकेवाला मुकाट्याने भरून गेला.

दरवर्षी थोडं थोडं वाढवलं तर एवढं टोचणार नाही. कायद्याने कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. प्रशासन प्रस्ताव ठेवतं, निवडणूक जवळ असली की तो ‘दप्तरी दाखल’, म्हणजे बाजूला ठेवलेला. मग काही वर्षांची कसर एकदम निघते.

थकबाकीबद्दलचा तुमचा राग मात्र रास्त आहे. बडे थकबाकीदार कोर्टात जाऊन बसतात आणि वेळेवर भरणाऱ्यावरच बोजा येतो. याचं समर्थन मी नोकरीत असतानाही केलं नाही.

आता बिल हातात घ्या. क्षेत्रफळ, निवासी की व्यावसायिक, स्वतः राहता की भाड्याने, हे तपासा. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत आहे, त्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो. चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पण भरणं थांबवू नका, शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, महिन्याला २ टक्के चढते.